बांधकामावरचा ताप

गेल्या आठवड्यात एका वाचकांचे पत्र आले. गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत त्यांच्या घराचे बांधकाम चालू आहे. स्लॅब पडून महिना झाला, आता आतले प्लास्टर सुरू आहे. प्लॉटच्या कोपऱ्यात ठेकेदाराने पत्र्याची खोली उभी केली असून तिथे सात-आठ कामगार राहतात. त्यांपैकी दोघांना ताप आणि खोकला आहे. पत्रलेखक विचारतात, आम्ही रोज संध्याकाळी मुलांना घेऊन काम पाहायला जातो, आम्हाला काही धोका आहे काय? कामगारांना मास्क सक्तीचा करावा काय? आणि करोनाच्या साथीत एवढा प्रचार होऊनही या लोकांना आरोग्याचे ज्ञान कसे नसते? त्यांच्यात जागृती कशी करावी?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. मोकळ्या हवेत, चार हात लांबून काम पाहून परत आलात तर धोका अगदी कमी. बंद खोलीत त्या दोघांशेजारी अर्धा तास बोलत बसलात तर धोका आहे. मुलांना चार-आठ दिवस नेऊ नका. मास्कविषयी पुढे सांगतोच. मात्र तिसऱ्या प्रश्नासाठी आजचे सदर खर्ची घालणार आहे, कारण त्यात एक समज दडलेला आहे आणि तो चांगल्या शिकलेल्या घरांतही आढळतो. मजुराला कळत नाही म्हणून तो आजारी पडतो, त्याला समजावून सांगितले की काम भागले, असा तो समज.

माझा दवाखाना ज्या रस्त्यावर आहे, त्याच रस्त्याच्या टोकाला सकाळी मजूर अड्डा भरतो. गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले जेवणाचा डबा घेऊन उभे असतात. साहजिकच माझ्या रुग्णांत ही मंडळी पुष्कळ. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांत मी त्यांना मुद्दाम विचारत असे की, करोना कसा पसरतो, काय काळजी घ्यायची. खोकताना तोंडावर काय धरायचे, हात किती वेळ धुवायचे, किती अंतर ठेवायचे, सगळे तोंडपाठ! का नसणार? मार्च २०२० पासून कितीतरी महिने कोणालाही फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज आणि मग सूचना ऐकू येत. बिहारकडचा एक तरुण बिगारी तर मला त्या सूचना सबंध म्हणून दाखवी. त्यानेच एकदा विचारले, "डॉक्टरसाब, दो गज की दूरी हमारी खोली में कैसे नापें?" खोली दहा फूट बाय बारा फुटांची, आत सहा माणसे. दोन गज म्हणजे सहा फूट. गणित वाचकांनीच करावे.

ज्ञान असूनही माणूस कसा मरतो याचे एक उदाहरण सांगतो. एप्रिल २०२१, दुसरी लाट ऐन भरात होती. सेंट्रिंगचे काम करणारा चाळिशीचा एक कामगार. कामाला चोख. साथीचे गांभीर्य त्याला चांगले ठाऊक होते, कारण महिनाभर आधी स्वतःच्या चुलतभावाला त्यानेच तपासणीला नेले होते. त्याला ताप आला तो सोमवारी. त्याने मेडिकलमधून पॅरासिटामॉलची पट्टी घेतली आणि सकाळी एक, दुपारी एक अशा गोळ्या खात तो गुरुवारपर्यंत कामावर गेला. गुरुवारी स्लॅब होता. शुक्रवारी उठवेना. पुढच्या सोमवारी त्याला माझ्याकडे आणले, तेव्हा बोटाला लावलेल्या यंत्रात प्राणवायूचे प्रमाण ८० दाखवत होते. त्याच तासाला जिल्ह्याच्या गावी पाठवला. अकराव्या दिवशी गेला. त्याच्या खोलीतले आणखी तिघे त्या आठवड्यात आजारी पडले, ते वाचले.

पुढे त्याचा मिस्त्री औषधाला आला असता मी विचारले, "मिस्त्री, त्याने ताप लपवला का हो? तुम्हाला तरी सांगायचे." मिस्त्री म्हणाला, "साहेब, मला माहीत होतं. पण त्याच्यावर ठेकेदाराची उचल होती. स्लॅबच्या दिवशी खाडा केला असता तर पुढच्या कामावर त्याला घेतला नसता. आन् करोना निघाला असता तर सगळी खोलीच रिकामी करायला लावली असती मालकानं. आम्ही आठ जण कुठं जाणार होतो?"

यात अज्ञान कुठे आहे? हिशेब आहे. हजेरी बुडेल, उचल फिटणार नाही, सोबत्यांचे छप्पर जाईल, हा सगळा विचार करून त्याने ताप लपवला. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर वेगळे काय केले असते, याचा प्रत्येकाने शांतपणे विचार करावा.

आता रोग नेमका कुठे लागतो ते पाहू. करोना काय किंवा फ्लू काय, हे विषाणू श्वासातून, बोलण्यातून, खोकल्या-शिंकेतून बाहेर पडतात. मोठे थेंब चार-पाच फुटांत खाली बसतात, पण अतिशय बारीक थेंब बंद जागेतल्या हवेत बराच वेळ तरंगत राहतात. विडीचा धूर जसा मोकळ्यावर लगेच विरतो आणि बंद खोलीत कोंडून राहतो, तसेच हे. साथीच्या पहिल्या वर्षात सारा भर मोठ्या थेंबांवर आणि हात धुण्यावर होता. कोंदट, गर्दीच्या जागेत हवेतूनही हा रोग पसरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या माहितीत स्पष्टपणे नोंदवले ते एप्रिल २०२१ च्या अखेरीस. तोपर्यंत आपण दाराच्या कड्या आणि भाजीच्या जुड्या पुसत बसलो होतो.

या दृष्टीने बांधकामावरच्या कामगाराचा दिवस पाहा. दिवसा तो स्लॅबवर, परातीवर, उन्हावाऱ्यात असतो. तिथे विषाणू टिकून राहणे कठीण. तो खरा सापडतो तीन ठिकाणी : सकाळ-संध्याकाळ ताडपत्री ओढलेल्या टेम्पोत, दुपारी गोल करून जेवताना, आणि सर्वांत जास्त म्हणजे रात्री त्या पत्र्याच्या खोलीत. आठ-नऊ तास, बंद दार, सहा-सात माणसांचा श्वास. पण २०२० मध्ये आपण देखरेख कुठे केली? कामावर! स्लॅबवर घमेले उचलणाऱ्याच्या तोंडावर मास्क आहे का हे पाहायला माणसे फिरत. घामाने आणि सिमेंटच्या धुळीने तासाभरात त्या मास्कचा चिखल होई, श्वास घेता येईना, मग तो हनुवटीवर उतरे आणि 'हे लोक ऐकत नाहीत' असा शेरा मिळे. रात्री खोलीत सगळे मास्क काढून झोपत, तिकडे कोणी फिरकत नसे.

ही केवळ माझी तर्कबुद्धी नव्हे. सिंगापूरचे उदाहरण घ्या. श्रीमंत, शिस्तीचा, स्वच्छतेसाठी जगभर वाखाणला गेलेला तो देश. तेथील इमारती बांधतात ते बरेचसे आपल्या तमिळनाडूतून आणि बांगलादेशातून गेलेले मजूर. ते मोठमोठ्या वसतिगृहांत, एकेका खोलीत दहा-दहा, वीस-वीस जण दुमजली खाटांवर राहत. एप्रिल २०२० मध्ये तिथे साथ शिरली. २०२० संपेपर्यंत त्या देशात नोंदलेल्या सुमारे ५८ हजार रुग्णांपैकी ५४ हजारांहून अधिक या वसतिगृहांतले होते. पुढे रक्ताच्या तपासण्या जमेस धरल्यावर तिथल्या सरकारनेच डिसेंबरमध्ये सांगितले की, वसतिगृहांतल्या जवळजवळ निम्म्या कामगारांना, म्हणजे ४७ टक्क्यांना, लागण होऊन गेली होती. मंडळी तरुण, आणि उपचार वेळेवर, म्हणून मृत्यू फार थोडे झाले. साबण, मास्क, सूचनाफलक, दंड यांपैकी कशाचीही तिथे टंचाई नव्हती. टंचाई होती ती दोन खाटांमधल्या जागेची आणि खेळत्या हवेची.

म्हणून पत्रलेखकांना सांगतो, जागृतीचा फलक लावण्याआधी त्या पत्र्याच्या खोलीत एकदा डोकावून या. बहुधा असे दिसेल की एक दार आहे, खिडकी असलीच तर पोत्याने बुजवलेली, आणि पत्रा भिंतीला घट्ट बसवून फटी सिमेंटच्या कागदाने बंद केलेल्या. त्याबद्दल कामगारांना बोलू नका. थंडी आत येते, डास येतात, चोरी होते, म्हणून ते बुजवतात. उपाय आपण करायचा. समोरासमोरच्या दोन भिंतींवर, छपराच्या अगदी खाली, वीतभर रुंदीची पट्टी मोकळी सोडायची आणि तिला डास अडवणारी जाळी मारायची. वारा एकीकडून आत आणि दुसरीकडून बाहेर. वर असल्याने थंडी अंगावर येत नाही आणि चोराचा हातही पोचत नाही. एका भिंतीला भोक पाडून उपयोग नाही, हवेला निघून जायलाही वाट हवी. हा खर्च तुमच्या घराच्या एका बाथरूमच्या नळांपेक्षा कमी आहे. झोपताना एकाचे डोके भिंतीकडे, तर शेजाऱ्याचे पाय भिंतीकडे, अशी उलटसुलट अंथरुणे टाकली तर दोन तोंडांमधले अंतर फुकटात वाढते.

आजारी माणसाची सोय कुठे करावी? पुष्कळ जण विचारतात आणि उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर असते. तुमचे अर्धवट घर! खिडक्यांना अजून तावदाने नाहीत, दारे बसायची आहेत, चारी बाजूंनी वारा. सेंट्रिंग काढून झालेल्या खोलीत मच्छरदाणी लावून आजारी कामगाराला चार-पाच रात्री झोपू द्या. एका गृहस्थांना मी हे सुचवले तेव्हा ते चाचरले. गृहप्रवेशाच्या आधी घरात आजारी माणूस? त्यांच्या सौभाग्यवतींनीच तो प्रश्न सोडवला. म्हणाल्या, "भिंत त्याने बांधली ती चालली, मग तिच्या आडोशाला झोपलेला का चालणार नाही?"

मास्कचे उत्तरही यातच आले. उघड्यावर, एकमेकांपासून लांब काम करताना त्याची सक्ती नको. टेम्पोत हवा, लिफ्टमध्ये हवा, बंद खोलीत प्लास्टर किंवा रंगकाम करताना हवा, आणि आजारी माणसाने इतरांच्या जवळ असताना तर हवाच. टेम्पोची ताडपत्री पाऊस नसेल तर वर गुंडाळून ठेवावी. नुसता पंचा किंवा रुमाल तोंडाला बांधणे अगदी निरुपयोगी नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

हात धुण्याबाबत एक गोष्ट शहरी पुस्तकांत सापडत नाही. ओले सिमेंट अतिशय दाहक असते. कळीच्या चुन्यासारखेच ते कातडी खाते. गवंड्याचे तळहात पाहा, चिरा पडलेल्या असतात. त्या चिरांवर सॅनिटायझर पडले की आग होते. एका मिस्त्रीने मला सांगितले, "डोळ्यांत पाणी येतं हो, साहेब." मग दारात ठेवलेली बाटली भरलेलीच राहते आणि मालकाला वाटते, लोक बेफिकीर आहेत. बांधकामावर सॅनिटायझर नको, साबण आणि वाहते पाणी ठेवा. साबणाने या विषाणूचे स्निग्ध वेष्टण विरघळते, शिवाय सिमेंटही निघून जाते. धुण्याची जागा जेवायच्या जागेजवळ हवी. गेटजवळ ठेवलेल्या पिंपापर्यंत दुपारी दोन वाजता दमलेला माणूस चालत जात नाही. रात्री हाताला खोबरेल तेल चोळावे, चिरा भरून येतात.

आणि ती तंबाखू! एकाने तळहातावर चुना लावून मळायची आणि चौघांनी त्याच तळहातावरून चिमूट उचलून ओठात धरायची. विडीचेही तसेच, एक पेटवली की तिघांच्या तोंडातून फिरते. साथीच्या काळात ज्यांची पुडी वेगळी झाली ते थोडे सुधारले असे म्हणायचे. सोडलीत तर फारच उत्तम, पण तो विषय मोठा आहे, त्याला स्वतंत्र लेख द्यावा लागेल.

साथ आली की ठेकेदार मंडळी सर्वप्रथम एक वस्तू विकत घेतात. कपाळावर धरायचे ते ताप मोजण्याचे पिस्तूल. त्याविषयी सावध करतो. उन्हात खडी वाहणाऱ्याचे कपाळ तापलेलेच असते, तेव्हा नसलेला ताप दिसू शकतो. सावलीत पंधरा मिनिटे बसवून मग मोजावे. उलट पक्षी, ज्याने तासाभरापूर्वी पॅरासिटामॉल घेतली आहे त्याचा आकडा सकाळी सात वाजता अगदी निर्मळ येतो. गोळीचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. वर सांगितलेला सेंट्रिंगवाला अशाच पिस्तुलापुढून चार दिवस सुखरूप निघून गेला होता. यंत्राने पकडायचे आणि घरी पाठवायचे ही पद्धत असेल, तर माणूस यंत्राला फसवायला शिकणारच. 'ताप आहे असे सांगितले तर हजेरी कापणार नाही' हे एक वाक्य त्या पिस्तुलापेक्षा अधिक रुग्ण शोधून देते.

हे वाक्य खर्चाचे वाटते, म्हणून हिशेब मांडतो. समजा बिगाऱ्याची रोजची हजेरी ६०० रुपये आहे. तीन दिवसांच्या तापाचे १,८०० रुपये झाले. अर्धी हजेरी मालकाने, अर्धी ठेकेदाराने द्यावी असे आधीच ठरवले तर तुमच्या वाट्याला ९०० रुपये येतात. ते वाचवण्यासाठी तो कामावर आला आणि खोलीतले पाच जण आजारी पडले, तर प्लास्टर किती दिवस बंद राहील? भाड्याने आणलेला परातीचा लोखंडी सांगाडा रोज किती भाडे खाईल? पाच-सहा महिन्यांच्या कामात अशा तापाचे प्रसंग किती येणार? दया-धर्म बाजूला ठेवला तरी व्यवहारात हे परवडते. मात्र काम सुरू होतानाच, ठेकेदार, मिस्त्री आणि सगळे कामगार समोर असताना हे बोलावे. मुकादमाच्या कानात सांगितलेली गोष्ट बिगाऱ्यापर्यंत पोचेलच याची खात्री नसते. आजारी पडलेल्याची जागा राखून ठेवली जाईल, हेही त्याच वेळी सांगावे. उचलीची भीती त्यानेच कमी होते.

मजुरीचा आणि साथीचा हा संबंध नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा हजारोंनी लोक शहर सोडून गावाकडे निघाले, त्यांत गिरणीकामगार होते. महिन्याचा पगार उशिरा हाती देण्याची तेव्हाची रीत होती. कामगार टिकवण्यासाठी गिरणीमालकांना रोजच्या रोज मजुरी द्यावी लागली. शंभर-सव्वाशे वर्षांनी, २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि 'आहात तिथेच थांबा' असा आदेश निघाला. आदेश सर्वांना समजला होता. पण काम थांबले की आठवडी बाजाराच्या दिवशी मिळणारा पगारही थांबतो. मग आहे तिथे थांबून खायचे काय? लोक चालू लागले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेले १६ कामगार मालगाडीखाली गेले. ते जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातले होते. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. २० एप्रिल २०२० पासून काही अटींवर बांधकामे सुरू करायला परवानगी मिळाली, त्यातली मुख्य अट अशी की शहरांत कामगार कामाच्या जागीच राहणारे हवेत, बाहेरून आणायचे नाहीत. म्हणजे साऱ्या देशाचे बांधकाम पुन्हा त्या दहा बाय बाराच्या खोल्यांवर येऊन उभे राहिले.

आता त्या दोघा तापकऱ्यांकडे वळू. पुढील गोष्टी वाचकांनी कापून ठेवाव्यात. ताप आणि सोबत खोकला किंवा घसादुखी असेल तर त्याच दिवशी काम बंद आणि झोपायची जागा वेगळी. गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप आला नाही आणि अंगात तरतरी वाटली, तर कामावर यावे; त्यापुढे पाच दिवस टेम्पोत आणि खोलीत मास्क लावावा. बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र एका बांधकामावर एक असावे. आकडा ९४ पेक्षा खाली, चालताना धाप, छातीत दुखणे, बोलण्यात असंबद्धपणा, यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. करोनात काही जण आकडा खूप उतरला तरी गप्पा मारत असत, तेव्हा 'बोलतोय की चांगला' यावर जाऊ नये.

थंडी वाजून ताप येत असेल तर तो हिवताप नाही ना, यासाठी रक्त तपासावे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. डोळ्यांमागे दुखणे, अंग मोडून येणे, अंगावर लाल पुरळ अशी लक्षणे असतील तर डेंग्यूचा संशय घ्यावा. अशा वेळी मेडिकलमधून अंगदुखीची कोणतीही गोळी आणून घेऊ नये. ताप उतरवायला फक्त पॅरासिटामॉल. इतर वेदनाशामक गोळ्यांनी डेंग्यूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. बांधकामावरच्या माणसाला अंगदुखी रोजचीच, त्यामुळे या गोळ्या त्याच्या खिशात असतातच, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

हे दोन्ही आजार बांधकामावर कुठून येतात ते मालकांनी पाहावे. स्लॅबवर छोट्या पाळी घालून पाणी तुंबवतात, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचते, पाणी मारण्यासाठी पिंपे भरून ठेवतात. शहरी हिवतापाचा डास आणि डेंग्यूचा डास या दोघांनाही असेच बऱ्यापैकी स्वच्छ, साठलेले पाणी आवडते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. स्लॅबला पाणी द्यायचे ते किमान सात दिवस, आपल्याकडच्या उन्हात दहा दिवस; नेमके तेवढ्यात डास तयार! म्हणून सहाव्या-सातव्या दिवशी तुंबवलेले पाणी एकदा पूर्ण काढून टाकावे आणि पुढचे दिवस गोणपाट अंथरून ते ओले ठेवावे. काँक्रीटला ओलावा हवा असतो, तळे नको असते. पिंपे आठवड्यातून एक दिवस रिकामी करून आतून घासावीत, हौद झाकता येत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत. पिण्याचे पाणी मात्र नळ असलेल्या वेगळ्या भांड्यात. पाणी मारायच्या पिंपात तांब्या बुडवून पिणे चालू असेल तर कावीळ आणि विषमज्वर फार लांब नाहीत.

क्षयरोगाविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण तीच कोंदट खोली, तोच श्वास, आणि साथ नसतानाही चालू असलेला रोग. ग्रॅनाइट, दगड, फरशी कापताना जी बारीक धूळ उडते ती फुप्फुसात बसली की क्षयाची शक्यता वाढते. विडीने त्यात भर पडते. कापताना पात्यावर पाणी सोडले तर धूळ जागीच बसते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी कणकण, वजन उतरणे, थुंकीत रक्त यांपैकी काही असेल तर थुंकी तपासून घ्यावी. उपचार सरकारी केंद्रात मोफत आहेत आणि साधारणपणे सहा महिने चालतात. अडचण पुन्हा तीच. सहा महिने एका गावात राहणारा बांधकाम कामगार विरळा. काम संपले की बिऱ्हाड हलते आणि गोळ्या मध्येच सुटतात. अर्धवट उपचारांनी जंतू औषधाला दाद देईनासा होतो. हे टाळण्यासाठी प्रत्येक रुग्णाला निक्षय क्रमांक दिलेला असतो. तो क्रमांक दाखवून दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात उपचार पुढे चालू ठेवता येतात. पोषणासाठी महिना १,००० रुपयेही (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते) बँक खात्यात जमा होतात. तो क्रमांक मिस्त्रीने आपल्या डायरीत लिहून ठेवावा. फोन हरवतात, फुटतात, डायरी सहसा टिकते.

लसीचेही २०२१ मध्ये असेच झाले होते. आरंभी फोनवर नोंदणी करून वेळ मिळवायची होती. साधा फोन वापरणाऱ्या बिगाऱ्याला ते कसे जमावे? २१ जून २०२१ पासून १८ वर्षांवरील सर्वांना सरकारी केंद्रांत मोफत लस मिळू लागली आणि अड्ड्यावरची मंडळी रांगेत दिसू लागली. कोविशिल्डच्या दोन डोसांत तेव्हा किमान १२ आठवड्यांचे अंतर होते. तेवढ्यात पहिल्या डोसाचा कामगार तिसऱ्याच गावच्या बांधकामावर गेलेला असे. ज्या ठेकेदारांनी तारखा लिहून ठेवल्या आणि एक दिवस काम थांबवून टेम्पो थेट केंद्रावर नेला, त्यांच्या माणसांचे दोन्ही डोस झाले. आमच्या गावात असे दोन ठेकेदार मला माहीत आहेत. दोघांनाही मी कधी आरोग्यावर भाषण देताना ऐकलेले नाही.

शेवटी एका कागदाविषयी. एप्रिल २०२० मध्ये राज्यात बांधकाम कामगारांच्या खात्यात दोन-दोन हजार रुपये जमा झाले. पण ते राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे ज्यांची नोंदणी जिवंत होती त्यांनाच. आमच्या अड्ड्यावर ज्यांना ते मिळाले नाहीत, त्यांतले बहुतेक वर्षानुवर्षे हेच काम करत होते, फक्त नाव कुठे लिहिलेले नव्हते. नोंदणीसाठी वय १८ ते ६० हवे आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणीचे नूतनीकरणही वेळच्या वेळी करावे लागते. हा दाखला ठेकेदार देऊ शकतो, तसेच ग्रामसेवक किंवा नगरपालिकेचे अधिकारीही देतात. वास्तुशांतीच्या पत्रिका छापायला टाकाल, त्याच आठवड्यात ठेकेदाराला बोलावून आपल्या घरावर राबलेल्या प्रत्येकाचा दाखला तयार करून घ्या. काम संपल्यावर ही माणसे कुठल्या गावी जातील ते कोणालाच ठाऊक नसते, आणि मग सही करणारा सापडत नाही.